सारसगड कसा पडला

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. माझ्या बाकी सगळ्या भानगडी तिला तोंडपाठ आहेत. कॉलेजात कॉपी करताना पकडलो होतो तेही, आणि मोठ्या भावाशी उगाच अबोला धरून बसलो होतो तेही. ही मात्र नाही. एक-दोनदा ओठांवर आली, तेव्हा मी तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं.

तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. देवानंदला तर मुळीच नाही. हा भ्याडपणाच आहे, मला कळतं. ज्याच्यासमोर बोलायचं त्याच्यासमोर तोंड उघडत नाही आणि परक्याच्या ओट्यावर येऊन बसलोय. पण आता बसलोच आहे तर बोलू द्या.

आधीच सांगतो, यात कुणी मेलं नाही. कुणाचं घर बसलं नाही — निदान मी तसं म्हणत आलोय. ही एका खेळाची गोष्ट आहे. कागदावरच्या नकाशातला एक गड पडला, एवढीच. हसू आलं ना? हसा. मीही स्वतःला हेच सांगून थोपटत आलो, की अरे, खेळच तो! पण नुसता खेळच होता तर थंडीच्या सकाळी शेजारच्या बंबाचा धूर आला की अजून मी उठून खिडकी का लावून घेतो?

सुरुवातीपासून सांगतो. सुरुवात निर्मळ आहे, म्हणून तिथे रेंगाळायला मला आवडतं. तेवढं चालवून घ्या.

देवानंद मेश्राम आणि मी गोंदियात एकाच बाकावर शिकलो. त्याच्या बाबांचा छापखाना होता, बाजाराच्या मागच्या गल्लीत. छापखाना म्हणजे पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, खाचाखाचांच्या पेट्या आणि भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर. जयंतीची पत्रकं, लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं असली कामं. बाबा गेल्यावर देवानंदने ते मशीन हाती घेतलं, आणि नव्व्याण्णव साली त्याच्या डोक्यात खूळ शिरलं की आपण खेळांचं मासिक काढायचं. मराठीत. गोंदियातून. लोकांनी वेड्यात काढलं. मी काढलं नाही, कारण आम्ही दोघं शाळेपासून त्याच वेडातले. देवळाच्या फरसावर खडूने वाघबकरी आखून खेळायचो, ते पुजाऱ्याने हाकलेपर्यंत.

मासिकाचं नाव ‘सोंगटी’. त्यात बुद्धिबळाची कोडी असायची, पत्त्यांचे डाव असायचे, खेड्यापाड्यांत दगडावर आखून खेळतात त्या खेळांची माहिती असायची. पण लोक अंकाची वाट पाहायचे ती मधल्या पानासाठी. तिथे एक नकाशा होता. एक नदी, तिला मिळणारे नाले, काठाने जंगल आणि जंगलाच्या कडेकडेने राज्यं. सगळं देवानंदच्या डोक्यातून निघालेलं. एकेक वाचक एकेका राज्याचा धनी. दर महिन्याला प्रत्येकाने आपलं सैन्य कुठे न्यायचं ते पोस्टकार्डावर लिहून पाठवायचं. सगळी कार्डं जमली की पंचाने ती एकत्र वाचायची, कोण कुणावर चालून गेलं, कोण टिकलं, कोण बुडालं ते ठरवायचं, आणि पुढच्या अंकात नवा नकाशा. एक डाव वर्षानुवर्षं चालायचा. पोस्टमनला सगळ्यांचे गुप्त बेत फुकटात वाचायला मिळायचे, पण बिचारा खेळत नव्हता.

पंच मी होतो.

देवानंद स्वतः खेळायचा. नकाशा त्यानेच काढलेला, मग खेळल्याशिवाय राहवेल कसं? आणि खेळणाऱ्याने दुसऱ्यांची कार्डं पाहायची नाहीत, म्हणून कार्डं छापखान्यावर यायचीच नाहीत. ती माझ्या घरच्या पत्त्यावर यायची. फक्त माझ्या. देवानंद रोज माझ्याकडे यायचा, चहा प्यायचा, कार्डांचा गठ्ठा टेबलावर पालथा पडलेला असायचा, आणि त्याने त्याला कधी बोट लावलं नाही. मी आत पाणी आणायला गेलो तर तो खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसायचा. मी नसतानासुद्धा! हे मला माझ्या आईने सांगितलं. तिला वाटायचं, पोरगा जरा विचित्रच आहे.

सुरुवातीला हरलेला प्रत्येक जण भांडायचा, की मी कार्ड पाठवलं होतं, पोस्टाने गहाळ केलं. त्यावर देवानंदने एक नियम केला आणि तो प्रत्येक अंकात नकाशाच्या खाली ठळक खिळ्यांत छापला. पत्र नाही, तर सैन्य जागच्या जागी उभं. आणि पंचाच्या हाती जे पत्र आलं नाही, ते लिहिलंच गेलं नव्हतं असं समजावं. झालं, भांडणं मिटली. नियम जरा कठोर होता. पण तो चालला, कारण पंच खोटं बोलणार नाही हे सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

आता कमलताईंचं सांगतो. कमल पटले, दवनीवाड्याच्या. घरची धानाची शेती, मोठं खटलं. दिराने एकदा आमचा अंक घरी नेला आणि ठेवून दिला, तो यांनी उचलला. त्यांचं राज्य नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात, त्याला त्यांनी नाव दिलं सारसगड. त्यांच्या धानाच्या बांधीत सारस उतरायचे म्हणे. घरच्यांना वाटायचं बाई साबणाच्या कसल्या बक्षीस योजनेत कार्डं पाठवून राहिली आहे, आणि बाईंनी तो समज तसाच राहू दिला. अक्षर शाळकरी, गोल, ओळी सरळ. रोवणीच्या दिवसांतही त्यांचं कार्ड चुकलं नाही; कधी कार्डावर चिखलाचं बोट असायचं एवढंच. त्या सावकाश खेळायच्या. कुणावर धावून गेल्या नाहीत, पण कुणाला आत येऊही दिलं नाही. देवानंदचं राज्य त्यांच्या शेजारी होतं आणि तो त्यांच्या गडावर वर्षानुवर्षं डोकं आपटत होता. दर अंकाला हरायचा आणि माझ्याकडे येऊन त्यांचं कौतुक करायचा. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते.

किती निर्मळ होतं बघा. म्हणून म्हटलं, इथे रेंगाळायला आवडतं.

मग मी कॉम्प्युटर शिकलो.

एका इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागलो, वेबसाइट कशी करायची ते हाती आलं, आणि मला आमच्या ‘सोंगटी’ची लाज वाटायला लागली. खरं सांगायचं तर असंच झालं. तो पिवळट कागद, ती झिजलेल्या खिळ्यांची छपाई, ‘ळ’ संपले की ‘ल’ लावून वेळ मारून नेणं... मला दिसायला लागलं की हेच सगळं पडद्यावर रंगीत होईल, पुण्याची माणसं खेळतील, परदेशातली मराठी माणसं खेळतील. महिनाभर वाट पाहायची गरज नाही. आणि — हेही आता सांगूनच टाकतो — अंकावर संपादक म्हणून देवानंदचं नाव होतं. पंचाचं नाव नियमाच्या खाली, बारीक टाइपात. वेबसाइट माझी असती. ती त्याला करता येत नव्हती.

मी त्याला विषय काढला तेव्हा तो नाही म्हणाला नाही. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, दोन्ही करू ना बे. मी म्हटलं, दोन्ही होत नाही. तोच मजकूर फुकट मिळत असेल तर कागद कोण घेईल? आणि दोन्हीकडे पंच म्हणून मीच बसू काय? त्यावर तो बराच वेळ मशीनचा रूळ पुसत राहिला. लग्नपत्रिकांचं काम तोवर ऑफसेटवाल्यांकडे गेलेलं, जयंतीच्या पत्रकांचं फ्लेक्सवाल्यांकडे. ते मशीन आता महिन्यातून एकदाच मनापासून फिरायचं, ‘सोंगटी’साठी. मला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

शेवटी तो म्हणाला, “आपण कोण ठरवणारे? खेळणाऱ्याले विचारू. ज्याले कागद पाह्यजे त्यानं कार्डावरच लिहावं. कोणी लिहिलंच नाही त मी समजून जाईन, की कोणाले नाही पाह्यजे.”

तसं त्याने अंकात छापलं. पुढच्या खेळीच्या कार्डावर, खाली, एक शब्द लिहा — कागद किंवा कॉम्प्युटर. आणि कार्ड नेहमीच्याच पत्त्यावर पाठवा.

नेहमीचा पत्ता माझा. कार्डं मोजायला त्याने दुसरा कुणी माणूस ठेवला असता तर? पण त्याच्या डोक्यातही आलं नसेल. पंच होता ना!

त्या वर्षी थंडी चांगली पडली होती. पोस्टमन दुपारी यायचा. पहिल्या दिवशी आलेल्या कार्डांवर ‘कागद’. दुसऱ्या दिवशीही ‘कागद’. एकाने तर कारणं लिहून कार्डाच्या कडा भरल्या होत्या, पत्त्याच्या बाजूलाही घुसला होता. एकाने फक्त एवढंच लिहिलं होतं की आमच्या गावात लाइटच टिकत नाही, तुमचं कॉम्प्युटर काय करू. नागझिऱ्याजवळचा एक गाईड खेळायचा. त्याने लिहिलं की अंक मी खिशात घालून जंगलात नेतो. ‘कॉम्प्युटर’ लिहिणारे होते, नाही असं नाही. नागपूरचे दोघं-तिघं. बस.

मला राग आला. हो, राग! मी रात्रंदिवस खपून ती साइट तयार करून ठेवलेली. नकाशा रंगवला होता, नदी निळी केली होती. आणि ही माणसं — ज्यांनी ती पाहिलीही नव्हती — एका शब्दात ती नाकारत होती.

देवानंद आला तेव्हा मी नागपूरची कार्डं आल्याचं सांगितलं. बाकीच्यांचं काही बोललो नाही. पहिलं पाऊल एवढंच होतं, बोललो नाही एवढंच. मनाशी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तो आला आणि विचारलं, आलं का काई? मी म्हटलं, नाही. तेव्हा ते खोटं झालं. आणि एकदा ‘नाही’ म्हटल्यावर ती कार्डं घरात ठेवायची कुठे? टेबलावर ठेवता येईनात. गादीखाली ठेवली, तर तो नेमका त्याच खाटेवर येऊन बसायचा, आणि मी त्याला उगाच खुर्चीकडे ओढायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही.

मग कमलताईंचं कार्ड आलं.

ते मला पाठ आहे. वर त्यांची खेळी होती. त्यांनी ओळखलं होतं की देवानंद या वेळी घाटाने न येता नदीच्या बाजूने येणार. बरोब्बर ओळखलं होतं. त्याचं कार्ड माझ्याकडे होतं, त्यात तेच होतं. म्हणून त्यांनी घाटावरचं सगळं सैन्य उचलून नदीच्या उतारावर लावलं होतं. देवानंद येता आणि संपता. कितीतरी महिने त्यांनी त्याला घाटाचा भास दिला होता, ते सगळं या एका खेळीसाठी. आणि खाली लिहिलं होतं: कागद. आमच्याकडे कॉम्प्युटर नाही, मला गोंदियाला येणं होत नाही. पुस्तक बंद करू नका जी, हे माझं एकच आहे.

कार्ड हातात धरून मी उभा राहिलो. तुम्हाला वाटेल, इथे तरी माणूस थांबेल. मला पण वाटतं. दर वेळी आठवतं तेव्हा वाटतं की या खेपेला मी थांबेन.

खेळी मान्य करावी आणि खालचा शब्द तेवढा लपवावा, असंही मनात आलं. पण तिची खेळी नकाशावर दिसली की देवानंदला कळणार की कार्ड आलं. मग तो विचारणार, खाली काय लिहिलं होतं? म्हणजे शब्द लपवायचा तर खेळीही लपवायची. तिचीच नाही, सगळ्यांची. ज्यांनी ज्यांनी ‘कागद’ लिहिलं, त्या सगळ्यांचं सैन्य जागच्या जागी उभं.

आमच्या मागच्या अंगणात पाणी तापवायचा बंब होता. सकाळी मी तो पेटवला आणि गादीखालची कार्डं त्यात घालायला लागलो. पोस्टकार्ड जाड असतं, लवकर पेट घेत नाही. आधी कडा वळतात. मी काडीने ढोसत होतो, आणि मागच्या दाराने देवानंद आला.

तो कधी सकाळी यायचा नाही. त्या दिवशी आला. कानाला मफलर, हात काखेत. सरळ बंबाशी येऊन उकिडवा बसला आणि शेकायला हात पुढे केले. बंबाचं तोंड उघडं होतं. आत कार्डं होती. एकाचा कोपरा अजून पिवळा दिसत होता. मी काडी धरून उभा. त्याने आत पाहिलं असतं, मान जराशी वाकवून पाहिलं असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. मी वाट पाहत होतो. मला आजही सांगता येत नाही की त्याने पाहावं म्हणून, की पाहू नये म्हणून.

त्याने तोंड फिरवलं. डोळ्यांत धूर गेला म्हणून, की सवयीने? माझ्या घरात मान फिरवून बसायचीच त्याला सवय होती.

“आलं का बे काई?” त्याने विचारलं.

“नाही.”

“पटलेबाईचं बी नाही?”

“नाही आलं.”

तो हात चोळत बसला. मग हळूच म्हणाला, “ते बाई कधी चुकत नाही यार. तिले बी कंटाळा आला असंल त मग जाऊ दे.” आणि उठून गेला. त्या पाण्याने मी अंघोळ केली.

पुढचं भराभर झालं. देवानंदने शेवटच्या अंकाची सगळी पानं स्वतः जुळवली. वाचकांचे आभार मानले, कुणाला दोष दिला नाही. लिहिलं, की काळ बदलतो, माणसांना दुसरं काही हवं असतं, ते हक्काने हवं असावं. मधल्या पानावर शेवटचा नकाशा होता. त्यात देवानंदचं सैन्य नदीच्या बाजूने चढून सारसगडात शिरलेलं होतं. सारसगडाचं सैन्य घाटावर उभं होतं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा तो गड जिंकला. मी पंच म्हणून निकाल लिहिला आणि खाली सही केली. त्या निकालात माझं नाव पहिल्यांदा मोठ्या टाइपात छापून आलं, त्याने स्वतःहून छापलं.

कुणी भांडायला आलं नाही; नियम सगळ्यांना पाठ होता, ज्याने त्याने पोस्टालाच दोष दिला असेल. मशीन काही महिन्यांनी भंगारवाल्याने नेलं. खिळे किलोवर गेले. त्या दिवशी मी गावात नव्हतो, म्हणजे मुद्दाम नव्हतो. नकाशाचा ब्लॉक तेवढा त्याने ठेवून घेतला. लाकडावर ठोकलेला जस्ताचा पत्रा, त्यावर नदी, गड, सगळं उलटं. तो घरी भिंतीवर टांगला.

आणि माझी वेबसाइट? विचाराल ना! सुरुवातीला लोक आले. पुण्याचे आले, दुबईहून एक आला, मी सगळ्यांना दाखवत सुटलो. त्यांनी दोन-चार खेळ्या केल्या आणि गेले. महिनाभर एका खेळीचा विचार करणारी माणसं ती नव्हती. जी होती ती आली नाहीत. कुठून येतील? मग घराघरात मोबाइल आले, मला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकायचं सुचलं, साइट पाहायला वेळ होईना. एक वर्षी नाव पुन्हा नोंदवायचं राहून गेलं. आता तो पत्ता टाकला तर कुठल्यातरी भलत्याच दुकानाची जाहिरात उघडते. छापलेले अंक मात्र असतील. कुठेतरी ट्रंकेत, फडताळात, वाळवीतून वाचलेले. मी ज्याला जुनं म्हणालो तेच टिकलं.

इथपर्यंतचं सांगणं त्यातल्या त्यात सोपं होतं, मला आता कळतंय. तरुणपण होतं, घमेंड होती, हात पोळले. असं काहीतरी म्हणून तुम्ही मला सोडूनही द्याल. म्हणून पुढचं ऐका.

देवानंद नंतर फ्लेक्सवाल्याकडे कामाला लागला. बॅनर बसवायला गावोगाव जायचं. चार-पाच वर्षांनी असाच तो दवनीवाड्याला गेला होता. शिडीवर चढून बॅनर ताणत होता, तेव्हा सोबतच्या पोराने त्याला मेश्राम म्हणून हाक मारली. खाली एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, हातात विळा, शेतावर निघालेली. म्हणाली, तुमीच का जी सोंगटीवाले मेश्राम?

त्याच दिवशी तो थेट माझ्या दुकानात आला. हात अजून गोंदाने चिकट. मी एका फोनचं झाकण काढून बसलो होतो. त्याने सगळं सांगितलं. कमलताईंनी त्याला विचारलं होतं, पुस्तक काऊन बंद केलं जी? तो म्हणाला, तुमीच कोणी लिहिलं नाही ना. तर बाई म्हणाली, मी त लिहिलं होतं. कागदच लिहिलं होतं. अन् सैन्य नदीवर आणलं होतं जी मी, तुमी कसे शिरले?

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. मी तो शोधायला वाकलो, आणि काउंटरखाली, त्या अंधाऱ्या जागेत, मला वाटलं, झालं. आता हा विचारेल. विचारलं की सांगायचं. मी मनाशी ठरवलं, देवाशपथ ठरवलं. वाक्यसुद्धा जुळवलं: देवानंद, ते आलं होतं.

मी वर आलो. देवानंदच्या डोळ्यांत पाणी होतं.

“केवढी चांगली बाई आहे बे,” तो म्हणाला. “माह्या तोंडावर कशी म्हणंल, की मी लिहिलं नव्हतं? माह्यं मन राखाले खोटं बोलून राहिली होती बिचारी. मले समजलं ना! पण मी बोललो नाही.”

कळलं तुम्हाला? तिने खरं सांगितलं, आणि त्याला ते खोटं वाटलं, कारण मी ‘नाही’ म्हटलं होतं. एका बाजूला कधी न चुकणारी बाई आणि दुसऱ्या बाजूला मी. त्याने एक क्षणही विचार केला नाही. मला वाटलं होतं तो विचारेल. तो विचारायला आलाच नव्हता. तो मला आनंदाची गोष्ट सांगायला आला होता.

आणि मी काय केलं? ओठांवर जुळवून ठेवलेलं ते वाक्य गिळलं आणि म्हणालो, “असतात यार, अशी चांगली माणसं असतात.” वर चहा मागवला. कार्डं जाळली तेव्हा मी चिडलेलो होतो, डोकं फिरलेलं होतं. या दिवशी डोकं ठिकाणावर होतं. समोर माणूस बसलेला होता, दार उघडं होतं, वेळ होता. मी एका खऱ्या बाईला खोटं पाडलं, आणि तिचं कौतुक करून पाडलं.

त्यालाही आता काही वर्षं झाली. देवानंद अजून येतो. त्याच्या घरी गेलं की भिंतीवर तो ब्लॉक दिसतो. त्याच्या मुलीला तो नदीवरची चढाई कशी केली ते सांगतो, बोटाने उलट्या नकाशावर वाट दाखवत. मी शेजारी बसलेला असतो. मुलगी विचारते, काका, खरंच? आणि मी पंच म्हणून मान हलवतो.

त्या दिवशी दुकानातून निघताना त्याने अजून एक सांगितलं होतं. बाईने निघताना विचारलं होतं, पंच कोण होते जी तेव्हा? त्याने माझं नाव सांगितलं. म्हणाला, तो माणूस चुकत नाही. त्यावर कमलताई म्हणाल्या, मग नसंल आलं. पंचाच्या हाती नाही आलं, त मी लिहिलंच नसंल.

आलं होतं. माझ्या हाती आलं होतं. मी ते दोनदा वाचलं होतं.